पत्र्याच्या आतली बाजू

पातळ अल्युमिनियमचा पत्रा म्हणजे लबाड माल. लोखंड तापलं की तांबडं होतं, निदान सांगून तरी वितळतं. हा रंगही बदलत नाही आणि एकदम थेंब होऊन खाली पडतो. मी सुरुवातीला गॅसनं वितळवून जोडून बघितला होता, जोड कमी आणि भोकं जास्त झाली. कडा एकमेकींत अडकवून घडी ठोकली तरी जोड बसतो, पण तो डब्याला, पेटीला. रस्त्यावर हादरे खाणाऱ्या टेम्पोच्या बॉडीला रिवेटच पाहिजे.

आणि रिवेटला दोन माणसं लागतात. एकानं आतून रिवेट घालून त्याचं डोकं लोखंडी ठोकळ्यानं दाबून धरायचं, दुसऱ्यानं बाहेर आलेलं टोक हातोडीनं चपटं करायचं. द्वारका चौकाजवळच्या माझ्या शेडमध्ये ठोकळा बायको धरायची. पोरी सासरी गेल्या, घरात भिंतींशी बोलू का म्हणाली, आणि आली. ती टेम्पोच्या आत, मी बाहेर, मधे पत्रा. तोंड दिसत नसल्यामुळे भांडण झकास व्हायचं.

"जोर काढा की. भाकरी कमी पडली का?"

"तू ठोकळा धर नीट. डुलक्या काढू नको."

दुपारचा डबाही आम्ही टेम्पोतच खायचो, आत सावली असायची. गेल्या वर्षी ती गेली. लोक म्हणतात सवय होईल. मला झालेली नाही, आणि झाल्याचं सोंग मी करणार नाही.

नव्वदच्या सुमाराला पिंपळगावचा एक द्राक्षवाला शेठ नवा टेम्पो घेऊन आला. द्राक्षं तोडायला आलेली, त्याला बॉडी ताबडतोब पाहिजे होती. काम अर्धं झालं तेव्हा त्यानं मुंबईहून पॉप रिवेटची गन आणली. बाहेरूनच रिवेट घालायचा, गनचा दांडा दाबायचा, रिवेटमधला खिळा ओढला जाऊन तुटतो, जोड बसतो. आत माणूस लागतच नाही.

बाकीची बॉडी आम्ही दोघांनी ठोकून झाली होती, राहिलेली डावी बाजू मी गननं एकट्यानं जोडली. चहा गार व्हायच्या आत एक रांग पुरी. बायको बाहेर डब्यावर बसून मेथी निवडत होती.

"उद्यापासून येत नाही मी," ती म्हणाली. "इथं आता माझं काय काम?"

तू नुसती बस, एवढं म्हणायला काय लागतं? पण आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. मी म्हणालो, "मेथीत माती ठेवू नको."

तिनं मेथी बाजूला ठेवली, झाडू घेतला आणि आतला पत्र्याचा चुरा काढायला चढली. थोड्या वेळानं आतून हाक आली, "अहो, दार लावा बाहेरून." मी लावलं. मग म्हणाली, "आता उघडा आणि शेठना आत पाठवा."

शेठ पांढऱ्या कपड्यात. त्याचे पाय उचलेनात.

"या भाऊ, मळत नाही. आत्ताच झाडलंय."

तो चढला. तिनं मलाही बोलावलं आणि आतून दार ओढून घेतलं. काळोख झाला. डाव्या भिंतीवर उन्हाचे बारीक ठिपके दिसायला लागले. काही रिवेटांतून तुटलेले खिळे निसटले होते.

"भोकं हायत का काय ही?" शेठनं विचारलं.

"तुमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना हवा लागावी म्हणून ठेवलीत," ती म्हणाली. "पाऊस आला तर पाणीपण लागेल. मग नावं आमच्या मिस्त्रींना ठेवाल."

शेठनं एका ठिपक्यावर बोट ठेवून बघितलं. "ठोकून करायचं म्हटलं तर लय टाइम लागंल?"

"ते, हे हातोडी कशी मारतात, त्यावर आहे. माझा हात तयार आहे."

मी डावी बाजू सगळी उकलली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी पदर खोचून आत जाऊन बसली होती, आणि माझ्या हातोडीला नावं ठेवत होती. त्या दिवशी मी उलटून एक शब्द बोललो नाही. गन शेठ विसरून गेला, परत न्यायला काही आला नाही.

पुढं बरीच वर्षं तिनं ठोकळा धरला. मग गुडघे गेले, टेम्पोत चढता येईना. तेव्हा मी पत्र्याचीच एक पायरी केली. तिला आधी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून शेठच्या त्या गननं एकट्यानं जोडली. पायरी गळून काय गळणार?

सकाळी तिनं पायरीवर पाय ठेवला, वाकून खालचे रिवेट बघितले.

"म्हणजे जमतं की तुम्हाला माझ्याशिवाय."

"चढ," मी म्हणालो, "खोळंबलोय मी."