तिसऱ्या वाटेवरचं लॉक

पॅच आला तेव्हा मी सकाळचा चहा पीत होतो, आणि पहिली ओळ वाचूनच माझं डोकं सटकलं. 'फक्त साफसफाई, वागणुकीत काहीही बदल नाही.' ही ओळ लिहिणारे निम्मे लोक खोटं बोलतात आणि उरलेल्यांना आपण खोटं बोलतोय हे ठाऊक नसतं, असा माझा अनुभव आहे.

दिंद्रुडपासून जवळच आमचं गाव. पुण्याची नोकरी घरून करायची सोय झाल्यापासून मी इथंच असतो. नोकरीखेरीज मला एक बिनपगारी उद्योग आहे. कॉम्प्युटरच्या एका फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मी एक ड्रायव्हर लिहिला होता. ड्रायव्हर म्हणजे बाहेरून जोडलेल्या यंत्राचं कॉम्प्युटरशी बोलणं करून देणारा प्रोग्रॅम. माझा ड्रायव्हर गावातल्या दूध संकलन केंद्राच्या वजनकाट्यासाठी होता. काटा जुना, तो जोडायची वायर हलकी, आणि तिच्याशी कुठलाच प्रोग्रॅम धड बोलेना, म्हणून मीच एक लिहून टाकला. पुढं तो मूळ सिस्टिममध्ये गेला, जगभर पोचला आणि त्याची राखण माझ्याकडं आली. त्यात कुणालाही टाचणीएवढा बदल करायचा असला तरी तो पॅच म्हणून आधी माझ्याकडं येतो, मी ओळ न ओळ वाचतो आणि मगच होकार देतो. या गोष्टीचा मला ताठा होता, खोटं कशाला बोलू?

पॅच पाठवणारा माणूस कुठल्या देशातला, देव जाणे. त्यानं लॉकचं काम सोपं केलं होतं. लॉक समजायला आमच्या भावकीची सामाईक विहीर पुरे. मोटारीच्या पेटीची किल्ली एकच. ज्याची पाळी त्यानं ती घ्यायची, भिजवण उरकायचं आणि किल्ली परत खुंटीला लावायची. कुणी ती खिशात घालून परगावी गेला की बाकीचे बसले बांधावर. कॉम्प्युटरातही एकाच यंत्राला दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून लॉक घेतात आणि काम झालं की सोडतात. माझ्या कोडमध्ये सोडायची ओळ प्रत्येक ठिकाणी हातानं लिहिलेली होती. या गड्यानं नवी पद्धत आणली होती. फंक्शनमधून, म्हणजे एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यातून, कुठल्याही वाटेनं बाहेर पडा, लॉक आपोआप सुटतं.

असा पॅच तपासायची आमची रीत साधी आहे. जुनं कोड डावीकडं, नवं उजवीकडं, आणि बाहेर पडायच्या वाटा एकेक करून ताडून बघायच्या. वजन वाचायच्या फंक्शनला तीन वाटा होत्या. पहिली, वजन मिळालं. दुसरी, काट्यानं वेळेत उत्तर दिलं नाही. तिसरी, वाचता वाचता वायरच निसटली. पहिल्या दोन तंतोतंत जुळल्या. तिसरीवर माझं बोट थांबलं. उजवीकडं लॉक सुटत होतं आणि डावीकडं सुटत नव्हतं.

सापडला लबाड, म्हटलं. मी तावातावानं उत्तर लिहायला बसलो. 'आपण वागणूक बदलली आहे. तिसऱ्या वाटेवर मूळ कोड लॉक सोडत नाही, आपलं सोडतं. साफसफाईच्या नावाखाली...' इथवर बोटं चालली आणि मग माझंच वाक्य मला नीट वाचता आलं. मूळ कोड लॉक सोडत नाही.

का सोडत नाही?

मी पुन्हा वाचलं. मग फाईल मोठी करून वाचलं, जणू अक्षरं मोठी झाल्यावर ती ओळ कुठूनतरी उगवणार होती. कारण काहीच नव्हतं. मी विसरलो होतो. मूळ कोड म्हणजे माझंच कोड. वजन वाचत असताना वायर निसटली की माझा ड्रायव्हर लॉक घेऊन बसायचा, पुढचा जो कुणी लॉक मागेल तो कायमचा लटकायचा, आणि बटण दाबून अख्खा कॉम्प्युटर बंद केल्याशिवाय सुटका नव्हती. इतकी वर्षं तिथंच होतं हे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी मारत होतो, आणि त्याही इंग्रजीत.

खरं आठवलं ते मात्र पुढच्या क्षणी. कॉम्प्युटर लटकणं, बटण दाबून बंद करणं, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. ताईच्या टेबलावर.

तीन वर्षांपूर्वी केंद्राच्या कॉम्प्युटरवर माझी थोरली बहीण बसायची. लग्न मोडून ती माहेरी आली तेव्हा गावानं तिला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. केंद्रातल्या खुर्चीवर बसायला लागल्यापासून तीच माणसं तिला 'मॅडम' म्हणू लागली होती. पण अधूनमधून कॉम्प्युटर अडकायचा. तो बंद करून परत सुरू होईस्तोवर रांग खोळंबायची, उन्हाळ्यात दूध नासायचं, आणि लोक तोंडाला येईल ते बोलायचे. शेवटी चेअरमननं मला बोलावून घेतलं. मी भर रांगेसमोर कॉम्प्युटर सुरू केला, पाच-सहा कॅन मोजून दाखवले. सगळं झकास चाललं. ताई काहीतरी सांगायला पुढं आली, तिला मी हातानंच थांबवलं.

"मशिनला कायबी झालं न्हाई," मी म्हणालो, "चालवणारीलाच वायरला धक्के मारायची सवय हाय. नाचता येईना आन् अंगण वाकडं!"

रांग हसली. मीही हसलो. पुढच्या आठवड्यात ताईला केंद्रातून काढलं. त्याच सुमारास टेबल भिंतीकडं सरकवलं होतं, त्यामुळं वायरला कॅनचा धक्का लागेनासा झाला आणि अडकणं थांबलं. गाव म्हणालं, बाई बदलली म्हणून थांबलं. मलाही तेच वाटलं. ताई तेव्हापासून दोन म्हशी सांभाळते आणि रोज सकाळी त्याच रांगेत उभी राहून दूध घालते.

दुपारी मी ड्रॉवरमधून तसलीच वायर शोधून काढली, ड्रायव्हर लिहिताना आणलेला जुना काटा तिला जोडला आणि करून बघितलं. वजन उमटल्यावर ओढली, काही नाही. वाचत असताना ओढली, कॉम्प्युटर जागच्या जागी थिजला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आपली चूक नसावी, असं कोड वाचल्यावरही मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, तेवढंही उरलं नाही. मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर गेलो. रांग होती, चेअरमन होता, रांगेच्या मधोमध किटली घेऊन ताई होती. मी मोठ्यानं सांगितलं, की तवा कॉम्प्युटर अडकायचा ते माझ्या प्रोग्रॅममुळं. ताईचा काही दोष नव्हता.

"आरं, आता ते कशाला उकरून काढतूस?" चेअरमन म्हणाला. "झालं गेलं गंगेला मिळालं."

"न्हाई मिळालं. मी सगळ्यासमोर तिला बोललो, म्हणून सगळ्यासमोर सांगायलोय. चूक माझी हाय."

म्हातारे पायाकडं बघत राहिले, खुर्चीवरची नवी मुलगी पडद्याकडं. ताईची पाळी आली तशी तिनं किटली काट्यावर ठेवली, चिठ्ठी घेतली आणि निघाली. मी तिच्या मागं गेलो.

"ताई, मला कालच कळलं गं. वजन चालू असताना वायर हलली, तरच..."

"तरच अडकतंय," ती म्हणाली. "आकडा उमटल्यावर हलली तर न्हाई. आठ दिस रोज बघितलतं मी. कॅन मुद्दाम टेकवून बघितलते. तेच तर सांगायला आलते त्या दिवशी."

मी रस्त्यातच उभा राहिलो. जे शोधायला मला परक्या माणसाचा पॅच लागला, ते माझ्या दहावी शिकलेल्या बहिणीनं नुसत्या डोळ्यांनी शोधून ठेवलं होतं. आणि ते तिच्या ओठावर असताना मी हात आडवा केला होता.

"मग घरी कावून न्हाई सांगितलं?"

"हसत होतास तू," ती म्हणाली.

मग मी तिला आमच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांतली एक रीत सांगितली. जो दोष दाखवून देतो त्याचं नाव त्या दुरुस्तीखाली लिहितात, ते कायम राहतं आणि जगात कुणालाही दिसतं. "तिथं तुझं नाव घालतो," म्हटलं.

ती थोडं चालली. मग म्हणाली, "कवा सांगितलं, तेबी लिव्हतेत का रे त्यात?"

"न्हाई," मी म्हणालो. तिनं किटली दुसऱ्या हातात घेतली आणि घराकडं वळली.

घरी येऊन मी अर्धवट मेल पुसून टाकला. त्या माणसाला लिहिलं, तुमचं काम चोख आहे, पण तिसऱ्या वाटेची दुरुस्ती वेगळी काढून आधी पाठवू, साफसफाई मागून येऊ दे. त्या दुरुस्तीत, दोष दाखवणाऱ्याच्या जागी, मी ताईचं पूर्ण नाव लिहिलं. वरच्या खुलाशात आणखी एक ओळ घातली. 'हा दोष ती तीन वर्षांपूर्वीच सांगायला आली होती, कोड लिहिणाऱ्यानं ऐकून घेतलं नाही.'

त्याचं उत्तर आलं. बाकी सगळं ठीक आहे, पण ही ओळ चुकून राहिली आहे का, काढू का, असं त्यानं विचारलं होतं. राहू द्या, म्हटलं.