राठोडसाहेबांचा अहवाल त्यांच्या नावाने छापा

श्री. गेमसिंगराव राठोड यांची आणि माझी पहिली भेट लोहाऱ्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत, माझ्या लाकडी कपाटासमोर झाली. तक्रार विभाग माझ्याकडे होता. विक्रेत्यांकडून आलेल्या चिठ्ठ्या मी त्या कपाटात जशाच्या तशा लावून ठेवत असे. कुणी पिशवीवरचा लॉट नंबर लिही, कुणी शेताचा गट नंबर, तर कुणी फक्त "तुमचं बी उगवून नाही राह्यलं" एवढंच. संगणक विभागातली मंडळी माझ्या कपाटाला हसून जात. राठोडसाहेब त्याच विभागात रुजू झाले त्या दिवशी आले, उभ्याउभ्या तासभर चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाले, "मॅडम, हे कपाट कोणाले मोडू देऊ नका. ह्या चिठ्ठ्या एका तक्त्यात कोंबल्या, तर चाळीस रकाने होतीन अन् तीस रिकामे राहतीन."

संगणकाच्या माणसाने माझ्याशी माणसासारखं बोलण्याची ती पहिली वेळ.

पुढे कंपनीने तक्त्यांवर चालणारा जुना डेटाबेस बदलायचं ठरवलं. तक्त्यांशिवाय चालणारे अनेक प्रकार बाजारात आले होते. आपल्या धंद्याला त्यातला कोणता बरा, याचा तुलनात्मक अहवाल राठोडसाहेबांकडे सोपवला गेला. दुसऱ्या कुणी माहितीपत्रकं चाळून तो आठवड्यात उरकला असता. यांनी लोहारा, बाभुळगाव आणि ढाणकी इथल्या गोदामांत एकेक संगणक ठेवला आणि नोंद चालू असतानाच स्वतःच्या हाताने वीज तोडली, संगणकांमधला संपर्क तोडला. अशा वेळी या डेटाबेसांपैकी कोण काय विसरतं, कोण जुनंच उत्तर ठोकून देतं आणि कोण सरळ "आत्ता सांगता येत नाही" म्हणतं, ते वहीत उतरवलं. ढाणकीचे गोदामपाल वैतागले. "साहेब, इथं लाईन तशीही जाते. तुम्ही कायले मेहनत घेता?"

"ते तिच्या मर्जीनं जाते, भाऊ. मले माह्या मर्जीनं पाहिजे."

अहवाल मराठीत लिहून झाला. संचालकांनी तो इंग्रजीत मागितला. राठोडसाहेब माझ्याकडे आले. "मले इंग्रजी येते, मॅडम. पण साहेबाले जे इंग्रजी पाहिजे, ते नाही येत." कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी पट्टी मारून घोटून घेतलेलं माझं इंग्रजी आयुष्यात एकदाच सत्कारणी लागलं. म्हणूनच त्या अहवालाची ओळ न् ओळ मला ठाऊक आहे. तक्रारींसाठी, प्रत्येक चिठ्ठी तिच्या रूपात ठेवणारा डॉक्युमेंट प्रकार. नंबर टाकला की एकच उत्तर झटकन हवं, तिथे की-व्हॅल्यू. बी कुणाकडून कुणाकडे गेलं, ही साखळी शोधायला ग्राफ. आणि जाड अक्षरांत एक इशारा: उगवण कमी निघालेला लॉट थांबवल्याची नोंद अशा व्यवस्थेत ठेवू नये, जी संपर्क तुटला तरी जुन्या माहितीवर उत्तर देत राहते. तिथे चुकीच्या उत्तरापेक्षा उत्तर नसणं बरं.

बैठकीत संचालकांनी थेट शेवटचं पान उघडलं. "पण नंबर एक कोणता?"

"साहेब, आमचे आजे बैलाइवर माल लादून मुलुखभर फिरत. मिठाची गोण येगळी, धान्याची येगळी. पहिले माल पाहा लागते, मंग गोण."

सगळे हसले. "राठोड, तांड्याच्या गोष्टी नकोत. एक नाव सांगा."

नाव शेवटी शहरातून आलेल्या सल्लागारांनी सांगितलं, वीस मिनिटांत, रंगीत पडद्यावर. सर्वांत वेगवान डेटाबेस आणि कधीही "नाही" न म्हणणारा. सगळ्या कामांना तोच लावला.

पेरणीच्या तोंडावर लोहाऱ्याने एक लॉट थांबवला. ढाणकीचा संपर्क त्या दिवशी तुटलेला होता. तिथल्या पडद्यावर तो लॉट विक्रीयोग्यच दिसत राहिला आणि विकला गेला. कित्येक शेतं उगवलीच नाहीत.

चौकशीत "संगणक विभागाचा निष्काळजीपणा" ठरला, म्हणजे राठोडसाहेबांचा. अहवालाची फाइल कुणालाच सापडली नाही. चौकशीच्या बैठकीत मी बसले होते आणि एक प्रत माझ्या कपाटात होती. माझ्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. मी गप्प राहिले. इतरांना बोल लावते आहे, म्हणून हेही लिहिते.

राठोडसाहेबांना त्या प्रतीचं ठाऊक होतं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमचा चहा राह्यला. चाला." तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. हा त्यांचा मोठेपणा. मला त्याचा अजून राग येतो.

त्यांना लेबलं तपासायला बसवलं. इकडे कंपनीने कामानुसार वेगवेगळे डेटाबेस नेमले, अगदी अहवालात होते तसे. त्याची इंग्रजी पुस्तिका निघाली आणि माझ्याच निरोप समारंभात मला भेट मिळाली. वाक्यं माझी होती, विचार राठोडसाहेबांचे होते आणि नाव सल्लागारांचं होतं. न सापडलेली फाइल वाचता मात्र आली होती.

आता राठोडसाहेबांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ. ग्रंथाच्या समितीने इतर लेख मला दाखवले. प्रत्येकात "साधे, मनमिळाऊ, नम्र". ज्याला दुसरं काही द्यायचं नसतं, त्याला आपण साधा म्हणतो. राठोडसाहेब साधे नाहीत. ते काटेकोर आहेत, हट्टी आहेत आणि ते बरोबर होते. हे शेवटचं कुणीच लिहिलेलं नाही.

समितीचा फोन आला, "ताई, शुभप्रसंग आहे, कडू टाळा." टाळलं असतं, पण खरं झाकायला शालीसारखे शब्द माझ्याकडे नाहीत. सोबत ती प्रत जोडली आहे. तो अहवाल याच ग्रंथात, राठोडसाहेबांच्या नावाने, इशाऱ्यासकट छापावा. तो छापायचा नसेल, तर हा लेखही परत पाठवावा.

राठोडसाहेब, तुमची तब्येत ठणठणीत राहो आणि तुम्ही शंभरी पाहा. मी बोलायला फार उशीर केला. तुम्ही भरपूर जगा, म्हणजे माझा हा उशीरही तुमच्या हयातीत मावेल.