कोपरा दुमडलेली पुडी

वैद्यबुवांच्या दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताला एक बुटकं टेबल होतं. त्यावर चौकोनी कापलेल्या कागदांचा गठ्ठा, आणि मागे आमचे सासरे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कागद पसरायचा, चमच्याने चूर्ण टाकायचं, दोन घड्या, आणि टोकं आत खोचायची. हात चालू, तोंड बंद. लोक त्यांना पुडीवाले म्हणायचे आणि बघत बसायचे. लग्न होऊन आल्यावर मीही बघत बसले होते. त्यांनी बांधलेली पुडी खिशात चुरगळली तरी आतला कण बाहेर सांडत नसे, आणि उघडायला गेलं की एका बोटाने उलगडे.

माणूस मात्र मुलखाचा भित्रा. कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडणार, फोन वाजला की म्हणणार, "बघ गं, काहीतरी वाईटच असेल." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, यांच्यामागे दोन होते. घरी सासूबाई आणि दवाखान्यात वैद्यबुवा.

सासूबाईंचे वडील मोठ्या हॉस्पिटलात गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून हॉस्पिटलची गोळी माणसाला आतून पोखरते, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मी स्वतः डोकं दुखलं तर गोळी मोरीत जाऊन, नळ सोडून घ्यायचे. सुनेच्या जातीला एवढी अक्कल लागतेच. वैद्यबुवा तसे सरळ आणि शहाणे, पण तापट. एकदा एका पेशंटच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट खाली पडलं, तर भरल्या दवाखान्यात त्याला म्हणाले, "दोन्ही डगरींवर हात ठेवायचा असेल तर इथे कशाला येता?" तो माणूस गेला आणि विसरलाही असेल. सासरे मात्र ते वाक्य जन्मभर घेऊन बसले.

अशा माणसाच्या छातीत एके दिवशी जिना चढताना पाखरू अडकल्यासारखी फडफड सुरू झाली. दोनचार दिवस त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. मग जेवणाच्या सुट्टीत, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका हॉस्पिटलात गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडताहेत, आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, तेव्हा रक्त पातळ करायची ही गोळी रोज घ्यायची, जास्त झाली तर हिरड्यांतून रक्त यायला लागतं, म्हणून रक्त तपासायला येत राहायचं. "दुसरं काही औषध घेता का? चूर्णं, काढे?" असंही विचारलं. यांनी मान हलवली, नाही. ज्यांच्या अंगाला चूर्णाचा वास येतो ते हे गृहस्थ! डॉक्टरांनी लिहिता लिहिता वरही बघितलं नाही.

इकडे आड, तिकडे विहीर. गोळी घ्यावी तर घरी बायको आणि कामावर वैद्यबुवा, न घ्यावी तर मेंदूत गुठळी. गोळ्यांचं पाकीट खिशात ठेवलं तर कुरकुर वाजणार. मग त्यांनी तेच केलं जे फक्त पुडीवाल्याला सुचेल. दुपारी वैद्यबुवा आडवे झाले की गोळी छोट्या खलात कुटायची, पोटासाठी देतात त्या चूर्णात मिसळायची आणि पुडी बांधायची. ओळखायला एक कोपरा बाहेर दुमडायचा. पुडीवाल्याच्या घरात पुड्या दिसल्या तर कोण विचारणार? पलंगाशेजारच्या फळीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांनी त्या एका डब्यात ठेवल्या.

त्याच फळीवर सासूबाईंचाही डबा असे. त्यांना जेवणानंतर पोटाची पुडी लागायची, त्याच चूर्णाची. एकदा त्यांच्या पुड्या संपल्या. नवऱ्याचा डबा शेजारी, वास तोच, चव तीच. त्यांनी त्यातली घेतली, दुसऱ्या दिवशीही घेतली, आणि नव्या पुड्या घरी आल्या तेव्हा हिशेब चुकता म्हणून त्यातल्या मूठभर नवऱ्याच्या डब्यात टाकून दिल्या. आता डब्यात कोपरा दुमडलेल्या आणि न दुमडलेल्या पुड्यांची खिचडी झाली. यात सांगण्यासारखं काय होतं? त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हात डब्यात जाई, जी पुडी येई ती त्या न बघता तोंडात टाकत.

डबा हलका होतोय हे सासऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांना वाटलं, आपणच विसरून दोनदोनदा घेतोय. मग कोपरा न दुमडलेल्या पुड्या दिसल्या, तेव्हा वाटलं, दुमडायलाच विसरलो. डोकं चाललं आपलं! हे सारं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की सासरे आरशासमोर ओठ ओढून हिरड्या बघतात, जेवताना मध्येच थांबून मनगट धरून बसतात. नवरा कामासाठी परगावी असायचा. मी त्याला फोनवर म्हटलंसुद्धा, "बाबांचं काहीतरी बिनसलंय." तो म्हणाला, "त्यांचं कधी बिनसलेलं नसतं?"

एका संध्याकाळी मी सासूबाईंना पाणी द्यायला गेले तर त्यांच्या दंडावर जांभळा डाग दिसला. दुसरा कोपरावर, तिसरा मानेजवळ.

"आई, कुठे आपटलात का?"

"नाही गं. वय झालं की अंगाला काहीही होतं. सकाळी दात घासतानाही रक्त आलं."

सासऱ्यांच्या हातातला पेला खाली पडला. मी फरशी पुसत असताना त्यांनी फळीवरचा डबा उचलला आणि सदऱ्याखाली धरून बाहेर नेला. मला वाटलं, मुंग्या झाल्या असतील. रात्रभर ते बायकोच्या उशाशी बसून होते. सकाळपर्यंत उतरेल, कुणाला काही सांगावं लागणार नाही, सुंठीवाचून खोकला जाईल, अशी बिचाऱ्यांना आशा.

सकाळी सासूबाईंच्या नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेना. पंचा भिजला, चादर भिजली. मी टॅक्सी बोलावली. हॉस्पिटलचं नाव काढल्यावर एरवी घर डोक्यावर घेणारी बाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली.

हॉस्पिटलात नाकात बोळे भरले, रक्त तपासायला नेलं. दुपारपर्यंत सासूबाईंचे धाकटे भाऊ, आमचे मामा, आले. त्यांच्यामागून वैद्यबुवाही आले, दवाखाना बंद करून. त्यांना दारात बघून सासरे भिंतीला असे चिकटले की पाल बरी.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. तरुण होत्या, पण आवाजात घाई नव्हती.

"यांचं रक्त गोठतच नाहीये. रक्त पातळ करायची गोळी घेता का, आजी?"

"मी?" सासूबाई बोळ्यांमधून म्हणाल्या. "मेले तरी घेणार नाही. पोटाची पुडी घेते फक्त."

"मीच देतो ती," वैद्यबुवा म्हणाले. "त्यात असलं काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी मग आमच्याकडे बघितलं. "घरात उंदराचं औषध आहे का? पोटात गेलं तर असंच होतं. तसं असेल तर उपचार महिनोन्‌महिने चालतो. आणि मला पोलिसांना कळवावं लागेल."

"आहे," मी म्हटलं. माळ्यावर खुडबुड होती म्हणून मागच्याच आठवड्यात मी ते आणलं होतं.

मामा सावकाश माझ्याकडे वळले. "स्वयंपाक तूच करतेस ना?"

हे विसरणार नाही मी. मला राग यायला हवा होता, आणि माझा राग सोपा नाही. पण आली ती भीती. औषध ठेवल्यावर मी हात धुतले होते का? ते फडकं कुठलं होतं? तोच हात पिठात गेला असेल तर? सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत आरोप नव्हता, नुसता प्रश्न होता, आणि तो मला जास्त लागला. "आई, मी नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला खोटा वाटला.

"नवरा घरात नाही, सासूशी रोजची कुरबूर," मामा म्हणाले. "मी काही म्हणत नाही, पण..."

"तिला बोलू नका."

आवाज भिंतीकडून आला होता. सासरे भिंत सोडून पुढे आले. त्यांनी खिशातून कोपरा दुमडलेली एक पुडी काढली, एका बोटाने उलगडली आणि डॉक्टरीणबाईंच्या समोर धरली. चूर्ण थरथरून फरशीवर सांडायला लागलं. त्यांच्या हातून पुडीतलं काही सांडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"यात गोळी आहे. रक्त पातळ करायची. माझी आहे. मीच कुटून घातलीये. तिनं माझ्या डब्यातली घेतली असणार." मग डोळे मिटून म्हणाले, "वैद्यबुवा, मी हॉस्पिटलात गेलो होतो."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. गोळीचं नाव विचारलं, नर्सला इंजेक्शन आणायला पाठवलं. "नक्की हीच ना? मग सुटलो. यावरचा उतारा लवकर लागू पडतो," म्हणाल्या. मी मामांच्या शेजारच्याच खुर्चीत बसले. मामा पंख्याकडे बघत होते. अजून बघतात, मी समोर आले की.

वैद्यबुवांनी सासऱ्यांच्या हातातला कागद घेतला. कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ओरडला असतात."

"ओरडलो असतो," वैद्यबुवा म्हणाले. "मग तुला कुठलं चूर्ण त्या गोळीबरोबर चालतं आणि कुठलं नाही ते डॉक्टरांना विचारून सांगितलं असतं. अरे, तू माझ्या समोर बसतोस. तू सांगत नाहीस, तर बाकीचे काय काय लपवून माझं औषध खात असतील?" हे बोलताना त्यांचा चेहरा उतरला. वैद्यबुवांना घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं. आता दवाखान्यात ते प्रत्येकाला आधी हेच विचारतात, हळू आवाजात, आणि उत्तर येईपर्यंत नाडीला हात लावत नाहीत.

सासूबाई चार दिवसांनी घरी आल्या. डाग पिवळे पडून गेले. सासऱ्यांना वाटलं होतं, आता आकाश कोसळणार. पण त्या बोलेचनात. ते आणखी भ्याले. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. शेवटी त्यांनीच विचारलं, "अगं, रागावलीस का?"

"रागावू कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या तुम्ही जिन्यावर पडला असतात, तर मी आपली छाती बडवत बसले असते, आणि तुम्हाला काय झालं होतं ते मला माहीतच नसतं. एवढी का मी वाईट आहे?"



आता त्यांची गोळी पाकिटातच असते, फळीवर, उघड्यावर. जेवण झालं की सासूबाई स्वतः ती फोडून त्यांच्या तळहातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत उभ्या राहतात. जिचं नाव घरात काढायची सोय नव्हती, ती गोळी त्यांच्या हाताने! मी नळ सोडणं बंद केलंय.

मग सासूबाईंचा नंबर लागतो. सासरे त्यांना पोटाची पुडी देतात. लग्न झाल्यापासून ही बाई ती अंधारातसुद्धा तोंडात टाकत आली. आता त्या दिव्याखाली जातात, पुडी उघडतात, कागद वाकवून चूर्ण इकडून तिकडे करून बघतात. सासरे पाण्याचा पेला धरून दाराशी थांबतात. सासूबाईंचं बघून होईपर्यंत त्या पेल्यातलं पाणी हलत असतं.