दाजींचा पाय

हे आजवर कुणाकडे बोललो नाही. बायकोकडे नाही, देवापुढे तर नाहीच — त्याच्या डोळ्यांदेखत केलंय, त्याला वेगळं काय सांगायचं? दर रविवारी ताईकडे जेवायला जातो. दाजी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात भात वाढतात, आणि ही गोष्ट ओठांपर्यंत येते आणि घासाबरोबर खाली जाते. जेवतो मात्र पोटभर. उगाच खोटं कशाला बोलू?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोथरूडला शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे. माझं हडपसरला गॅरेज आहे. आता सगळ्या गाड्या कॉम्प्युटरवर आल्या, कार्बोरेटर म्हटलं की नवीन मेकॅनिक नुसते बघत राहतात. पण जुनं पेट्रोल इंजिन कानानं लावायचं असेल तर लोक अजून माझ्याकडेच येतात. ही फुशारकी नाही. बरं, आहे फुशारकी. पुढचं सगळं तिच्यातूनच झालंय, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आमचं मंडळ बुधवार पेठेतल्या एका बोळातलं. मूर्ती लहान, देखावा त्याहून लहान, पण ट्रक — ट्रक आमचा! लष्कराच्या लिलावातून घेतलेला, पेट्रोलवर चालणारा. वर्षभर माझ्या गॅरेजमागे ताडपत्रीखाली पडलेला असतो आणि अनंत चतुर्दशीला त्याचा रथ होतो. आमच्याकडे एक रीत आहे. मंडपासमोर नारळ फोडून इंजिन सुरू केलं की घाटापर्यंत ते बंद पडू द्यायचं नाही. पडलं तर मंडळाचं वर्ष वाईट जातं म्हणे. आता तासन्‌तास ढोलपथकामागे, पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलानं, थांबत-निघत — जुन्या इंजिनाला याहून मोठी शिक्षा नाही. लोक कार्बोरेटर लावून घेतात ते गाडी पळावी म्हणून. मी हा लावतो तो ट्रक सरपटावा म्हणून. हवा जरा कमी, पेट्रोल जरा जास्त, आयडलिंग, म्हणजे उभ्या इंजिनाची चाल, थोडी चढी. मग ॲक्सिलरेटरला पायही न लावता नुसता क्लच हळू सोडला तरी ट्रक अलगद निघतो.

आणि तो क्लच सोडायचे दाजी. वर्षानुवर्षं. पांढरा झब्बा, फेटा, गळ्यात हार. त्यांच्या हातून मूर्तीला कधी धक्का म्हणून बसला नाही, हे कबूल करायलाच हवं. बायका आधी स्टिअरिंगला कुंकू लावायच्या, मग दाजींच्या पाया पडायच्या. आणि मी? मी पाण्याची बादली घेऊन बाजूनं चालायचो, पेट्रोलचा पाइप तापू नये म्हणून त्यावर ओलं फडकं टाकत. मला कुणी हार घातला असेल, असं वाटतं का तुम्हाला?

तरी तेवढ्यानं झालं नसतं. मंडळाच्या बैठकीत कुणीतरी माझं कौतुक केलं, ट्रकचा आवाज काय गोड ठेवतो म्हणून. दाजी हसून म्हणाले, "त्याचं काय, दोन स्क्रू फिरवायचे आणि चहा ढोसायचा." सगळे हसले. मीही हसलो. मेहुण्याची थट्टा कोण करत नाही? दाजी तर घरी पोचेपर्यंत विसरलेही असतील. मी नाही विसरलो. माझ्यासारखी माणसं हसतात आणि डूख धरतात.

त्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी सकाळी मी ट्रक नेहमीसारखा लावला. आणि मग — मग मिक्श्चरचा स्क्रू किंचित आत घेतला, म्हणजे पेट्रोल कमी केलं. आयडलिंगही उतरवलं. थंड इंजिन चोकवर झकास चालतं, कुणाला काही कळत नाही. तापलं आणि चोक काढला की खरी गंमत. उभ्या-उभ्या चालू राहतं, पण क्लच सोडून भार आला की गचका देऊन मरतं. रेस द्यावी तर ट्रक उडी मारणार, आणि वर बाप्पा. यातली मेख कळली का? असं इंजिन बंद पडलं की दोष कार्बोरेटरचा असतो, पण दिसतो ड्रायव्हरचा पाय. क्लच झटक्यात सोडला असंच वाटतं. बघणाऱ्यांनाच नाही, ज्याचा पाय आहे त्यालासुद्धा.

लक्ष्मी रस्त्यावर पहिल्यांदा बंद पडला, तेव्हा ढोल थांबले. दुसऱ्यांदा पडला, तेव्हा मूर्ती हलली आणि वरच्या कार्यकर्त्यांनी ती धरली. तिसऱ्यांदा मागच्या मंडळातून शिट्ट्या आल्या. दाजींच्या कपाळावरचं कुंकू घामाबरोबर ओघळत होतं. त्यांनी खिडकीतून मला हाक मारली, बघ रे काय होतंय ते. मी बॉनेट उघडलं, वाकलो, कान लावला, डॉक्टरसारखी मान हलवली. दोन्ही स्क्रू गुपचूप जागेवर आणले. आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "इंजिन ठणठणीत आहे, दाजी. पाय बघा तुमचा."

काय हशा पिकला! कुणीतरी ओरडलं, "दाजी, पुढच्या वर्षी लवकर या — पण मागं बसा!" दाजी खाली उतरले. फेटा काढून सीटवर ठेवला. मी वर चढलो आणि ट्रक घाटापर्यंत लोण्यातून सुरी जावी तसा नेला. हार मला मिळाला. तुम्हाला खरं सांगू? फार बरं वाटलं. झोपही छान लागली.

मला वाटलं होतं, चार दिवस चिडवतील, दाजींची जिरेल, संपलं. पण दाजी गॅरेजवर आले. खरंच पायच होता का, म्हणून विचारलं. चिडून नाही, शरमून. माझ्या कानावर त्यांचा तेवढा विश्वास! तेव्हा सांगता आलं असतं. मी फडक्याला हात पुसत म्हणालो, वय झालं की व्हायचंच, दाजी. त्यांनी मान हलवली. "व्हॅनमध्ये लेकरं असतात रे," एवढंच बोलले आणि व्हॅन विकून मोकळे झाले.

याला बरीच वर्षं झाली. आता ते कोथरूडमध्येच एका सोसायटीच्या गेटवर बसतात. ज्यांना शाळेत सोडलं तीच मुलं आता गेट उघडायला हॉर्न देतात. ताई मला म्हणते, तू वेळेवर सावध केलंस बाबा, नाहीतर काय झालं असतं! जिना उतरताना दाजी डावा पाय आधी चाचपून ठेवतात. त्या पायाला काहीही झालेलं नाही. जगात हे मला एकट्याला माहीत आहे.

तुम्हाला वाटेल, झालं सांगून. नाही हो. एवढंच असतं तर कधीतरी ताईपुढे बोललोही असतो.

यंदा गणपतीच्या आधी दाजी पुन्हा गॅरेजवर आले. मी मडगार्डवर बसून ट्रक लावत होतो. बॉनेट उघडं, इंजिन तापलेलं, सगळं अगदी सुरात. दाजी बराच वेळ घुटमळले. मग विचारलं — इथंच, आवारात, एकदाच बसू का रे? मी म्हटलं, बसा की, तुमचाच ट्रक आहे.

चढले. क्लच दाबला, गिअर टाकला, सोडला. ट्रक हातभर पुढं गेला, मला बसल्या जागी कळलंसुद्धा नाही. थांबवला. पुन्हा नेला. बॉनेटच्या फटीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. हसत होते की रडत होते, कोण जाणे.

"अरे, जातोय की रे!" दाजी ओरडले. "पाय चालतोय माझा!"

मला काही कबूल करायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसलो असतो तरी त्यांना त्यांचा पाय परत मिळाला असता. एवढं सोपं होतं. पण मला काय दिसलं, सांगू? मंडपासमोर फेटा बांधलेले दाजी, पाया पडणाऱ्या बायका, आणि बादली घेऊन चालणारा मी. स्क्रूड्रायव्हर हातातच होता.

त्यांनी पुन्हा क्लच सोडला आणि गचका बसून इंजिन मेलं.

दाजी स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. मग डावा पाय चाचपत खाली उतरले, माझ्याजवळ आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "बाकीचे तोंडदेखलं बोलतात," म्हणाले. "खरं सांगणारा तू एकटाच."

ते रिक्षात बसून गेल्यावर मी स्क्रू जागेवर आणला. विसर्जनाला ट्रक मीच चालवला. घाटापर्यंत एकदाही बंद पडला नाही.