लॅपटॉपसाठी स्थळ

माझ्या बायकोच्या मामांनी मनावर घेतलं असतं तर भूमध्य समुद्र आणि नेगेवचं वाळवंट यांचंही लग्न जमवलं असतं, आणि ते टिकलंही असतं. अश्केलोनपासून अरादपर्यंत आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून इकडे आलेले यहुदी, जिथं जिथं पांगलो, तिथं तिथं मामांनी जमवलेल्या जोड्या नांदत होत्या. पोटासाठी त्यांनी टपालखात्यात नोकरी केली, पण माणूस मूळचा मध्यस्थच. मुलगा बघायला गेले की पगार विचारायचे नाहीत, शिक्षण विचारायचे नाहीत. तो चहा कसा पितो ते बघायचे. 'बशीत ओतून भुरकणारा उतावळा. कपात निवेपर्यंत थांबला, तो बायकोलाही सांभाळून घेईल,' हा त्यांचा सिद्धांत. माझ्या वेळी चहा इतका कढत होता की मी निमूट थांबलो, म्हणून माझा संसार झाला. पुढं पोरंपोरी सैन्यात आपापली लग्नं ठरवू लागली, मामांच्या मराठीला हिब्रूत उत्तरं देऊ लागली, आणि एवढी मोठी विद्या आता वाया जाणार अशी आम्हाला हळहळ वाटू लागली. तोच माझा जुना लॅपटॉप मामांनी मागून घेतला.

तो हवा होता ठाण्याच्या मावशीसाठी. मावशी म्हणजे मामांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच मामांना वाढवलं. मामा इस्राएलला आले, ती तिकडेच राहिली. आता तिची नजर उतरत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. फोनवर ती म्हणाली, 'दिसतंय तवर एकदा तुझं तोंड बघून घेते रे.' ती शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरपुढे येऊन बसायची, इकडे मी कॅमेरा जोडायचो, आणि आमचा लॅपटॉप धापा टाकत थिजून जायचा. तिला भावाच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. मेमरी वाढवायला हवी, मी म्हणालो. 'म्हणजे स्थळ बघायचं,' म्हणत मामा ताठ बसले. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं.

मी म्हटलं, दुकानातली मेमरीची सगळ्यात मोठी पट्टी आणू आणि मोकळे होऊ. मामांनी माझ्याकडे पाहिलं ते मी लग्नात हुंडा मागितल्यासारखं. 'जावईबापू, आधी घर बघा. जुनं घर, एकच खण. एवढ्या बड्या घरची पोर त्याला पेलवेल काय? दुकानदार बोलतो, हा तिला अर्धीच ओळखेल. अर्ध्या बायकोशी संसार होतो काय?' नव्या पिढीची पट्टी तर त्यांनी लांबूनच नाकारली. 'तिची खाच भलतीकडे हाय. जबरदस्ती केलात तर दोघांचं वाटोळं.' एक पट्टी खाचेत अगदी फिट बसली. आम्ही टाळ्या पिटणार, तेवढ्यात मशीन लांबलचक शीळ घालू लागलं. मामांनी डोळे मिटून ती ऐकली. 'नकार हाय,' ते म्हणाले, आणि पट्टी हळुवार काढून दुकानदाराला परत देताना, पोरीत काही खोट नाही, एवढं आवर्जून सांगितलं.

पट्टी हाताळण्याआधी अंगातली वीज उतरावी म्हणून नळाला हात लावायचा, हे दुकानदारानंच त्यांना शिकवलं होतं. पण दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, धर्मवचनांच्या त्या डबीला, स्पर्श करून बोटं ओठांना लावायची सवय जन्माची. त्यामुळे नळाला लागलेली बोटंही थेट ओठांवर जायची. दुकानदार मूळचा मोरोक्कोचा. त्यानं मला बाजूला घेऊन मोठ्या आदरानं विचारलं, 'तुम्ही भारतातले यहुदी नळालाही मानता?' मी म्हटलं, मेमरी बदलायची असली तरच.

असे आठवडे चालले. शेवटी बायको म्हणाली, 'मामा, मावशीचे डोळे तुमच्या मुहूर्तासाठी थांबणार नाहीत.'  दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी अरादची बस धरली. तिथं त्यांनीच जमवलेल्या एका जोडप्याकडे याच कंपनीचा, याच वयाचा लॅपटॉप पडून होता. पडदा फुटल्यामुळे तो निकामी झाला होता. त्याच्या पोटातली पट्टी मामांनी मागून घेतली आणि मऊ कापडात गुंडाळून, डब्यात घालून, मांडीवर धरून आणली. 'घराणं एक, वय एक. बाप गेला म्हणून पोर वाईट नसते.' वाटेत त्यांनी आमच्या एलियाहू हनाबी पैगंबराला मलिद्याचा नवस बोलला होता.

नळ, ओठ, पट्टी. मशीन एकदाही न कण्हता सुरू झालं. कॉम्प्युटर शिकलेली पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत; पण त्याचा स्वभाव ओळखणारा हा एकच माणूस पाहिला.

समोर मावशी आली. दिसावं म्हणून ती इतकी पुढे सरकली की आम्हाला नुसतं कपाळ आणि एक डोळा दिसत होता.  मावशीनं बराच वेळ न्याहाळलं आणि संशयानं म्हणाली, 'हा कोण? माझ्या भावाचा पुढला दात तुटलेला. आंब्यावरून पडला तेव्हापासून.' मामांनी कवळी काढून हातात घेतली आणि बोळकं पसरून हसले.

'हां,' मावशी म्हणाली, 'आता आमचा.' आणि रडू लागली. मामाही रडत होते, तसेच हसत.

मलिदा झाला. गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे, फळं, सगळं ताट मामांनी कॅमेऱ्यापुढे धरलं आणि मावशीनं त्यात केळी कुठली, खजूर कुठला ते ओळखून दाखवलं. पुढल्या हिवाळ्यात तिची नजर पूर्ण गेली. तरी मामा फोन न करता लॅपटॉपपुढेच बसायचे, दाढी करून, आणि आधी कवळी काढून ठेवून. तिला कुठं दिसतंय, असं मी एकदा म्हणालो. 'मला ती दिसते ना,' ते म्हणाले.

मावशी गेली, मग मशीनही थकलं. ती पट्टी दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपला चालेल का, असं मी विचारलं होतं. मामा म्हणाले, 'नको. नांदली ती तिथं. आता हलवू नका.'

आता मामाही नाहीत. मराठीत माझी चूक काढणारं अश्केलोनमध्ये कुणी उरलेलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. लॅपटॉप कपाटात आहे. धूळ पुसायला तो बाहेर काढायचा असला की मी आधी नळाला हात लावतो, मग बोटं ओठांना. बायको दारातून बघत असते. ती हसत नाही.