महाभियोगाची खूण

लघुलेखिका काकूंचा जन्म संसदेतली भाषणं भरभर टिपण्यात गेला. नेहमीच्या शब्दांना त्यांच्याकडे एकेका फटकाऱ्याची खूण होती, अगदी शिवीगाळीलासुद्धा. महाभियोगाला मात्र नव्हती, कारण तो कधी कुणावर झालाच नव्हता. आज राष्ट्राध्यक्षांवर सुरू होणार म्हटल्यावर काकूंनी सकाळीच नवी खूण घोटून ठेवली. पाय जमिनीवर ठरत नव्हता.

"गंभीर गैरवर्तन म्हणजे नेमकं काय?" सभागृहात एका सदस्याने विचारलं.

"घटनेत व्याख्या नाही," सभापती म्हणाले. "सभागृह ठरवेल ते."

काकूंनी टिपलं खरं, पण पेन्सिलीचं टोक मोडलं.

काकूंनी घरी पाऊल टाकताच नवऱ्याने विचारलं, "काय गुन्हा केलाय गं राष्ट्राध्यक्षांनी?"

"ते उद्या मतदानात वर झालेले हात मोजल्यावर कळेल."