थोरलीच्या यादीतलं पंधरावं

...हां, तर घड्याळापाशी थांबलो होतो आपण. थोरल्या सुनेच्या कंप्युटरच्या कोपऱ्यातलं घड्याळ अकरा वाजून सात मिनिटांवर उभं, आणि भिंतीवरचं मात्र चालत चालत अकरा वीसवर आलेलं. मी म्हटलं, "अगं, तुझं घड्याळ मागं पडलंय."

ती म्हणाली, "घड्याळ नाही बाबा, माझं नशीब मागं पडलंय. परत हँग झाला."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी चार शब्द. घराच्या खालच्या खोलीत माझ्या दोन सुनांचं टायपिंगचं दुकान आहे. समोरासमोर दोन टेबलं, मध्ये प्रिंटर, प्रिंटरशेजारी एक खुर्ची. ती खुर्ची माझी. थोरली वीस वर्षं टाइप करते. बोटं अशी तयार, की ती कीबोर्डकडं बघतच नाही. मग बघते कुठं? समोर, धाकटीकडं.

धाकटीला येऊन सात वर्षं झाली. दोघींचे कंप्युटर एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच टेम्पोतून आले. खोक्यांची अदलाबदल झाली असती तरी कुणाला कळलं नसतं. थोरलीला मात्र कळलं असतं. पहिल्याच दिवशी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली होती, "बाबा, तिच्या खोक्यात थर्माकोल जास्त होता."

हसू नका. मला हा रोग ओळखीचा आहे. आमच्या शाळेत एकच मास्तर आणि चार वर्ग. माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराची पाटी माझ्या पाटीपेक्षा काळी होती. बस, एवढंच! मी वर्षभर माझी पाटी घासली. कोळसा लावला, पाला लावला, एकदा आईच्या काजळाची डबी संपवली आणि त्याबद्दल मार खाल्ला. शेवटी मास्तर म्हणाले, "अरे, पाटी पुष्कळ काळी झाली. आता तिच्यावर काही लिही." म्हणजे थोरली माझी सून असली तरी या बाबतीत लेकच म्हणायची.

तिच्या डोळ्यात खुपणारी मुख्य गोष्ट वेगळीच होती. धाकटीच्या मागच्या काचेच्या कपाटात शिवणकामाचं एक पातळ पुस्तक उभं असायचं. त्याच्या दुसऱ्या पानावर, प्रकाशकाच्या पत्त्याखाली बारीक अक्षरात छापलंय 'अक्षरजुळणी', आणि पुढं धाकटीचं नाव. थोरलीनं वीस वर्षांत अर्ज टाइप केले, करारनामे केले, प्रश्नपत्रिका केल्या, दोन जणांचे प्रबंध केले. पण अर्जाखाली टाइप करणारीचं नाव कोण घालतो? कपाट पुसायची पाळी थोरलीची असली, की ते पुस्तक पुसून झाल्यावर उलटं, पाठ बाहेर करून ठेवलं जायचं. धाकटी ते सुलटं करायची. पाच-सहा वर्षं दोघींचं हे चाललेलं.

आणि या वर्षी थोरलीला पुस्तक मिळालं. साधंसुधं नाही, निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांचा झाडांवरचा ग्रंथ, सहाशे बारा पानं! प्रकाशक स्वतः येऊन हस्तलिखित तिच्या टेबलावर ठेवून गेले. त्या दिवशी तिनं धाकटीला स्वतःहून चहा करून दिला. मी तेव्हाच ओळखलं, की आनंद फार मोठा आहे.

चारशे तीस पानं झाली आणि मध्येच कंप्युटरची ही नवी सिस्टीम आली. स्क्रीनवर रोज आठवण यायची, जुनी बंद होणार, नवी घ्या. धाकटीनं रविवारी घेतली. थोरलीनंही रविवारीच घेतली. मी विचारलं, "पुस्तक संपल्यावर घेतली असतीस तर?" तर म्हणते, "आणि तोवर ती नव्यावर काम करणार आणि मी जुन्यावर?"

सोमवारी सकाळी वडाचं वर्णन चालू असताना स्क्रीन गोठला. माऊस हलेना, कळ दाबली तर अक्षर उठेना, पंखा मात्र घरघरतोय. बटण दाबून धरून बंद केला, परत चालू केला. तीन पानं गेली. दुपारी पुन्हा. मंगळवारी एकदाही नाही, आणि बुधवारी पाच वेळा. हँग व्हायलाही काही वेळकाळ असावा की नाही! समोर धाकटीचा कंप्युटर मात्र लोण्यातून सुरी फिरावी तसा चाललेला. थोरलीनं विचारलं, "तुझा अडकतो का गं?"

"नाही बाई. उलट आता जास्तच छान चालतोय."

थोरलीचा तिळपापड झाला. त्यात बुधवारी प्रकाशकांचा फोन आला. "पुढच्या शनिवारी सगळी पानं हवीत. जमत नसेल तर उरलेली धाकट्या बाईंकडं द्या ना, समोरच तर बसतात." फोन ठेवून थोरली मला म्हणाली, "म्हणजे दुसऱ्या पानावर दोन नावं! बाबा, मी निम्म्या नावासाठी वीस वर्षं बोटं झिजवली का?"

आता खरी गंमत. माणूस हेव्यानं नुसता जळतो असं म्हणतात, पण थोरली जळता जळता कामाला लागली. तिनं एक वही केली. डाव्या पानावर 'माझा', उजव्या पानावर 'तिचा'. किती वाजता हँग झाला, तेव्हा काय उघडं होतं, किती वेळ चालू होता, सगळं डाव्या पानावर. उजवं पान कोरं. मग तिनं ठरवलं, की धाकटीकडं जे जास्त आहे तेच शोधून काढायचं. माऊस बदलून पाहिला. धाकटीचा माऊस इकडं आला तरी हँग, थोरलीचा तिकडं गेला तरी तो चालूच. कीबोर्ड बदलला. स्क्रीनची वायर बदलली. कंप्युटरचा डबा उघडून आतली मेमरीची पट्टी काढली आणि पिवळ्या टोकांवर खोडरबर फिरवून परत बसवली. पुन्हा हँग. विजेचा प्लग बदलला. शेवटी म्हणाली, "तिचं टेबल खिडकीशी आहे, तिला वारं लागतं, म्हणून तिचा तापत नाही." मग आम्ही तिघांनी मिळून दोन्ही कंप्युटर उचलून जागा बदलल्या. खिडकीशी आलेला थोरलीचा कंप्युटर ताज्या हवेत, गार वाऱ्यात, अगदी आरामात हँग झाला.

कंप्युटर परत आपापल्या जागी गेले. दुरुस्तीवाला येऊन म्हणाला, "फॉरमॅट मारू, सगळं पुसून नव्यानं टाकू."

"आणि माझे फॉन्ट? माझी मांडणी? पुसायला ही काय पाटी आहे?" थोरलीनं त्याला दारापर्यंत पोचवलं. पण जाता जाता तो एक कामाचं बोलला. म्हणाला, सेफ मोडमध्ये चालवून बघा. त्यात कंप्युटर स्वतःला लागतं तेवढंच चालू करतो, आपण वरून घातलेलं काही चालू होत नाही.

थोरलीनं तसं केलं. चार तास बसून राहिली, माऊस गोल गोल फिरवत. एकदाही अडकला नाही. तिनं डाव्या पानावर लिहिलं: 'यंत्र धड आहे. वरून घातलेल्यातलं काहीतरी नव्या सिस्टीमशी भांडतंय.' हे वाचून मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

मग पुढच्या आठवड्यात, मुदतीच्या दोन दिवस आधी, गुरुवारी दुपारी वाचन झालं. कंप्युटर सुरू होताना आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी दोघींनी उघडली. धाकटी तिकडून एकेक नाव वाचणार, थोरली इकडं खूण करणार. मी मध्ये, चहाचा कप घेऊन.

"आहे?"

"आहे."

"हे आहे?"

"हेही आहे."

असं चालत चालत धाकटी थांबली. "संपलं. माझे चौदा. तुमचे किती, ताई?"

थोरलीचं बोट स्क्रीनवर होतं. मला माझ्या खुर्चीतून ते नीट दिसत होतं. बोट चौदाव्या ओळीवरून खाली सरकलं आणि पंधराव्या ओळीवर थांबलं. थोरली मानेपर्यंत लाल झाली.

"चौदाच," ती म्हणाली.

मी चहा प्यालो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण डोळ्यांनी त्या दिवशी पाहिली. आठवडाभर बिचारी धाकटीकडं काय जास्त आहे ते शोधत होती. आपल्याकडं एक जास्त असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आलं तेव्हा सांगण्याची सोय नव्हती.

दोन तास गेले. पाचशे एकाहत्तरावं पान चालू होतं, फणसाचं. शेवटच्या ओळीवर स्क्रीन गोठला. थोरलीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग धाकटीकडं न बघता म्हणाली, "ए, ऐक. पंधरा आहेत."

धाकटी उठून आली. कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला, यादी पाहिली. "हे कंप्युटरचा वेग वाढवायचं सॉफ्टवेअर आहे, ताई. जुन्या सिस्टीमसाठीचं. हे कधी टाकलंत?"

"दोन वर्षं झाली."

"कशाला पण? वेग तर चांगला होता."

थोरलीनं वही मिटली.

"सकाळी तुझा अकरा सेकंद आधी उघडायचा," थोरली म्हणाली. "मी घड्याळ लावून बघितलं होतं. मग दुरुस्तीवाल्याकडून हे गुपचूप टाकून घेतलं. तेव्हापासून माझा दोन सेकंद आधी उघडतो."

मला वाटलं, आता धाकटी हसणार आणि पुढची सात वर्षं हे पुरवून पुरवून वापरणार. हसली खरी. पण हसता हसता म्हणाली, "ताई, मी ते खिडकीशी असलेलं टेबल का मागून घेतलं माहितीय? वाऱ्यासाठी नाही. तिथून तुमची बोटं दिसतात. अजून मला खाली बघितल्याशिवाय टाइप करता येत नाही. घरी जेवणाच्या ताटावर सराव करते मी, विचारा तुमच्या दिराला."

थोरलीनं तिच्याकडं पाहिलं. मग खिडकीकडं पाहिलं. एवढं ऐकूनही तिच्या तोंडून काय निघावं? "तरी वारं तुलाच लागतं ना."

पंधरावं काढून टाकलं. धाकटीनं टाकलं काढून, थोरलीनं उलटसुलट तीनदा खात्री केली. कंप्युटर पुन्हा चालू झाला. शुक्रवारी दिवसभर चालला, शनिवारी चालला, त्याच्यापुढचा आठवडाभर चालला. कोपऱ्यातलं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ बरोबरीनं चालू लागली. सकाळी धाकटीचा कंप्युटर पुन्हा अकरा सेकंद आधी उघडतो. त्या अकरा सेकंदांत थोरली टेबल पुसते, तेही जरा जोरातच.

ठरल्या शनिवारी सहाशे बारावं पान छापून निघालं. एकूण एक पान थोरलीचं. धाकटीनं एक ओळही टाइप केली नव्हती, पण शेवटचे दोन दिवस आलेल्या-गेलेल्यांचे सगळे अर्ज तिनं एकटीनं उरकले होते, थोरलीला उठू दिलं नव्हतं. दुपारी प्रकाशकांचा फोन आला. थोरलीचे हात कागदात, म्हणून मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावून टेबलावर ठेवला.

"बाई, दुसरं पान छपाईला चाललंय," ते म्हणाले. "अक्षरजुळणीपुढं कुणाचं नाव घालू? तुमच्या सासऱ्यांशी बोललो, ते म्हणाले धाकट्या बाईंनीही फार मदत केली."

धाकटीनं मान खाली घातली आणि नसलेलं काहीतरी खणात शोधायला लागली. थोरलीनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी चष्मा पुसायला घेतला. मग ती फोनपाशी वाकली आणि एकेक शब्द तोडून म्हणाली, "अक्षरजुळणीला माझं एकटीचं नाव घाला. त्याच्या खाली 'साहाय्य' लिहा आणि तिचं नाव घाला, पूर्ण घाला, नुसतं आडनाव नको. पण अक्षर माझ्या नावापेक्षा दोन पॉइंट बारीक ठेवा, आणि आधी मला दाखवा, मी मोजून बघणार आहे."